एक्सेलच्या पाय चार्टवरची लेबलं: सोसायटीच्या खर्चाचा अहवाल घेऊन पायरीपायरीने

सोसायटीचं खजिनदारपद, मंडळाचा जमाखर्च किंवा ऑफिसचा महिन्याचा एमआयएस (वरिष्ठांसाठी आकडेवारीचा) रिपोर्ट पहिल्यांदा अंगावर आला, तरी एक्सेलमध्ये पाय चार्ट काढणं अवघड जात नाही. आकडे निवडले, इन्सर्टमध्ये जाऊन चार्ट टाकला, झालं. अडतं ते त्यानंतर. फाकांवर, म्हणजे वर्तुळाच्या तुकड्यांवर, काय लिहायचं, ते कुठे दिसायला हवं, टक्के दाखवायचे की रुपये, लहान फाकांची लेबलं एकमेकांवर चढतात त्यांचं काय करायचं, याची उत्तरं एका मेनूत सापडत नाहीत. मी आमच्या सोसायटीचा वार्षिक अहवाल करतो. ज्या क्रमाने काम केलं की पुन्हा पुन्हा मागे यावं लागत नाही, तो क्रम इथे मांडतो आहे.

माझं एक मत आधीच सांगतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावर उभ्या आहेत. पाय चार्ट वाचताना नजर बाजूच्या रंगसूचीकडे जावी लागू नये. फाकेकडे बघितलं की ती कशाची आणि केवढी, हे तिथेच कळलं पाहिजे. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अहवालाच्या प्रती बहुतेक ठिकाणी झेरॉक्स काढून वाटल्या जातात. झेरॉक्सवर निळा, हिरवा आणि केशरी हे सगळे करड्याच्याच छटा होतात. मग लेबलवर नाव नसेल, तर कोणती फाक पाण्याची आणि कोणती विजेची हे सभासदाला कळायला मार्ग उरत नाही.

हाताशी काय हवं

- एक्सेल २०१३ किंवा त्यानंतरची आवृत्ती. २०१० मध्येही लेबलं येतात, पण आठव्या पायरीतली सोय तिथे नाही.
- ऑडिट झालेलं किंवा निदान जुळवलेलं खर्चाचं पत्रक.
- युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर किंवा फोनवर वाचता येणाऱ्या पद्धतीत, टाइप केलेली मराठी नावं. हे का, ते नवव्या पायरीत येईल.
- अहवाल कसा वाटला जाणार याची माहिती: छापील, पीडीएफ, व्हॉट्सॲपवर चित्र, की प्रोजेक्टरवर.

उदाहरणासाठी एका मध्यम आकाराच्या सोसायटीचा कल्पित खर्च घेऊ. सुरक्षा रक्षक ६,६०,००० रुपये, पाणीपट्टी ४,५६,०००, सामायिक वीज ३,८४,०००, लिफ्टची देखभाल २,८८,०००, सफाई २,६४,०००, दुरुस्ती २,१६,०००, विमा ४८,०००, लेखापरीक्षण शुल्क ३६,०००, छपाई व टपाल २४,००० आणि बँक शुल्क २४,०००. एकूण २४,००,०००. हाच तक्ता शेवटपर्यंत वापरू.

१. तक्ता आधी नीट करा

लेबलांच्या निम्म्या तक्रारी खरं तर तक्त्याच्या असतात. पहिल्या रकान्यात नावं आणि दुसऱ्यात रकमा ठेवा. रकमा मोठ्याकडून लहानाकडे लावा. पाय चार्ट घड्याळाच्या बारापासून सुरू होतो आणि काट्याच्या दिशेने फिरतो, त्यामुळे उतरत्या क्रमाने लावलेला तक्ता चार्टवरही त्याच क्रमाने वाचता येतो.

इथे चार सापळे आहेत.

निवड करताना ‘एकूण’ची ओळ आत आली, तर अर्धा चार्ट ‘एकूण ५०%’ असा येतो आणि बाकी सगळ्यांची टक्केवारी निम्मी होते. ही चूक सगळ्यात जास्त दिसते. अर्धं वर्तुळ एकाच रंगाचं दिसलं की आधी हेच तपासा.

वजा आकडा पाय चार्टला कळत नाही. पाणीपट्टीचा परतावा मिळाला आणि तुम्ही तो वजा चिन्हासह स्वतंत्र ओळीत लिहिलात, तर एक्सेल चिन्ह सोडून देतो आणि तेवढ्याच आकाराची फाक काढतो. परतावा त्या-त्या खर्चातून आधीच वजा करून निव्वळ रक्कम लिहा.

लपवलेल्या ओळी चार्टमध्ये धरल्या जात नाहीत. फिल्टर लावून दोन ओळी लपवल्या की उरलेल्यांची टक्केवारी आपोआप वाढते, आणि बघणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. चार्ट अंतिम करण्याआधी सगळे फिल्टर काढा.

चौथं, नावांची लांबी. ‘सामायिक जागेतील दिवे व पंपाच्या विजेचा खर्च’ हे खतावणीत ठीक आहे, लेबलवर मावणार नाही. पत्रकातली नावं बदलायची नसतील, तर शेजारी छोट्या नावांचा वेगळा रकाना करा आणि चार्ट त्यावरून काढा.

२. लेबलने कोणत्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं ते ठरवा

मेनू उघडण्याआधी हे कागदावर लिहा. सभासद विचारतो, ‘आपला सगळ्यात जास्त पैसा कुठे जातो?’ त्याला नाव आणि टक्का पुरतो. कार्यकारिणीला मात्र रक्कम लागते, कारण पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक टक्क्यांत मांडता येत नाही. दोघांसाठी एकच चार्ट असेल, तर नाव आणि टक्का लेबलवर ठेवा आणि रकमा चार्टखालच्या तक्त्यात द्या. नाव, रक्कम, टक्का आणि रंगाची चौकट असं सगळं एकाच लेबलवर कोंबलं, तर दहा फाकांच्या चार्टवर काहीच वाचता येत नाही.

आणि प्रश्न ‘मागच्या वर्षीपेक्षा किती वाढ?’ असा असेल, तर पाय चार्टचा नाद सोडा. दोन पाय चार्ट शेजारी ठेवून तुलना होत नाही, लेबलं कितीही सुबक असली तरी. त्यासाठी स्तंभालेख घ्या.

३. लेबलं चालू करा आणि योग्य खिडकी गाठा

कुठल्याही फाकेवर राइट क्लिक करा, ‘ॲड डेटा लेबल्स’ निवडा. किंवा चार्टवर क्लिक केल्यावर उजव्या वरच्या कोपऱ्याशी अधिकचं चिन्ह येतं, तिथे ‘डेटा लेबल्स’ला टिक करा. दोन्हीचा परिणाम एकच: प्रत्येक फाकेवर रक्कम उमटते. त्याच मेनूत ‘डेटा कॉलआउट्स’ही दिसेल. त्यात नाव आणि टक्का फुग्यासारख्या चौकटीत येतो. चार-पाच फाकांना तो बरा दिसतो, दहा फाकांना गर्दी करतो.

आता खरं काम. एखाद्या लेबलवर एकदा क्लिक करा आणि कंट्रोल व १ ही बटणं एकत्र दाबा. मॅकवर कमांड व १. उजवीकडे ‘फॉरमॅट डेटा लेबल्स’ नावाचा पट्टा उघडतो. त्यात वर लहान चित्रं असतात, आणि स्तंभालेखाचं चित्र असलेल्या भागात ‘लेबल ऑप्शन्स’ आहेत. यापुढच्या बहुतेक गोष्टी तिथेच आहेत.

क्लिकचं गणित नीट लक्षात घ्या, कारण नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. लेबलवर पहिला क्लिक केला की सगळी लेबलं निवडली जातात. थोडं थांबून त्याच लेबलवर दुसरा क्लिक केला की तेवढं एकच निवडलं जातं. आणखी एक क्लिक केला की त्यातल्या अक्षरांत कर्सर जातो. ‘मी फॉन्ट बदलला पण एकाच लेबलचा बदलला’ किंवा ‘एक पुसायला गेलो आणि सगळी गेली’, या दोन्ही तक्रारींचं कारण हेच. काय निवडलं आहे याची शंका आली, तर एस्केप दाबा आणि पुन्हा सुरुवात करा.

४. नाव आणि टक्का आणा, रंगसूची काढा

‘लेबल कंटेन्स’ या शीर्षकाखाली टिक करायच्या चौकटी आहेत. ‘कॅटेगरी नेम’ आणि ‘पर्सेंटेज’ यांना टिक करा, ‘व्हॅल्यू’ची टिक काढा. ‘सीरिज नेम’ला हात लावू नका. तिथे रकमेच्या रकान्याचं शीर्षक येतं आणि तेच दहा वेळा छापलं जातं.

खाली ‘सेपरेटर’ आहे. मुळात तिथे स्वल्पविराम असतो, म्हणून ‘पाणीपट्टी, १९%’ असं एका ओळीत लांबलचक दिसतं. तिथे ‘न्यू लाइन’ निवडा. नाव वर आणि टक्का खाली असं लेबल रुंदीला कमी होतं आणि फाकेत बसतं.

नावं लेबलवर आली की खालची किंवा बाजूची रंगसूची निवडून डिलीट करा. तेवढी जागा मिळाली की चार्ट मोठा होतो, आणि तो मोठा झाला की निम्मी लेबलं आपोआप सुटी होतात.

५. आकड्यांचं रूप

याच पट्ट्यात सगळ्यात खाली ‘नंबर’ हा भाग आहे. तो बहुधा मिटलेला असतो, म्हणून अनेकांना दिसतच नाही. उघडा. ‘फॉरमॅट कोड’च्या चौकटीत कोड लिहायचा आणि शेजारचं ‘ॲड’ बटण दाबायचं. ॲड दाबल्याशिवाय काहीच होत नाही. कोडमधले आकडे इंग्रजी अंकांत आणि अवतरणचिन्हं सरळच हवीत. व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून कोड चिकटवला, तर अवतरणं वळणदार होऊन येतात आणि एक्सेल तो कोड नाकारतो. हातानेच टाइप करा.

आधी टक्के. मुळात टक्केवारी पूर्णांकात येते. आपल्या उदाहरणात सुरक्षा रक्षक २७.५% आहे, तो २८% दिसतो. लेखापरीक्षण १.५% आहे, ते २% दिसतं. सगळी लेबलं बेरजेला घेतली, तर १०१ भरतात. सभेत कोणीतरी ती बेरीज करतोच. त्यामुळे हा कोड द्या:

0.0%

आता एक दशांश स्थळ दिसेल आणि या तक्त्याची बेरीज बरोबर १०० येईल. दुसऱ्या एखाद्या तक्त्यात दशांशानंतरही ९९.९ किंवा १००.१ येऊ शकते. तसं झालं तर लेबलवरचा आकडा हाताने ‘दुरुस्त’ करू नका. चार्टखाली ‘पूर्णांकनामुळे बेरजेत किंचित फरक’ अशी ओळ द्या. खोटा टक्का लिहिण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

काही खर्च या वर्षी शून्य असतील, तर ‘०%’ची लेबलं वर्तुळाच्या कडेला उगाच लोंबतात. त्यासाठी:

0.0%;;;

अर्धविरामांनी कोडचे भाग पडतात: पहिला धन आकड्यांचा, दुसरा ऋण, तिसरा शून्य, चौथा मजकूर. पहिला सोडून बाकी रिकामे ठेवले की शून्य दिसत नाही. मात्र लेबलवर नावही असेल, तर फक्त आकडा जातो आणि नाव तिथेच राहतं. शून्य रकमेची ओळच चार्टच्या तक्त्यात न घेणं हा जास्त स्वच्छ उपाय.

रकमा दाखवायच्या असतील, तर लाखांचा प्रश्न येतो. विंडोजचं रीजन सेटिंग भारताचं असेल, तर साध्या कोडनेही ६,६०,००० असा स्वल्पविराम पडतो. पण फाइल परदेशातल्या सभासदाच्या किंवा अमेरिकन सेटिंग असलेल्या लॅपटॉपवर उघडली की तीच रक्कम 660,000 अशी दिसते. कुठेही उघडली तरी लाखांतच दिसावी, यासाठी:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;#,##0

यात चौकटी कंसातली अट एक कोटी आणि एक लाख ओळखते. उलट्या तिरप्या रेघेमुळे पुढचा स्वल्पविराम जसाच्या तसा छापला जातो.

पाय चार्टवर मात्र ६,६०,००० यापेक्षा ‘६.६० लाख’ जास्त चांगलं वाचलं जातं. त्याचा कोड:

0\.00," लाख"

याची करामत अशी, की शेवटचा स्वल्पविराम आकड्याला हजाराने भागतो, म्हणजे ६,६०,००० चे ६६० होतात. मग तिरप्या रेघेनंतरचा बिंदू शेवटच्या दोन अंकांआधी छापला जातो आणि ६.६० दिसतात. विम्याचे ४८,००० ‘०.४८ लाख’ असे येतात. कोटींसाठी दोन स्वल्पविराम आणि एकच दशांश: 0\.0,," कोटी". हे फक्त दिसण्यापुरतं आहे, सेलमधली रक्कम तीच राहते. त्यामुळे लेबलसाठी कोणी रकमा लाखाने भागून पुन्हा टाइप करत असेल, तर त्याला थांबवा.

अहवाल पूर्ण मराठीत असेल आणि टक्केही देवनागरी अंकांत हवे असतील, तर विंडोजवरच्या डेस्कटॉप एक्सेलमध्ये हा कोड वापरा:

[$-4000439]0.0%

चार्टवर ‘२७.५%’ असं येतं. मला ही सोय मनापासून आवडते. मराठी नावाखाली मराठी अंक आले की लेबल एकसंध वाटतं, आणि ज्येष्ठ सभासदांना ते चटकन वाचता येतं. मात्र चार्टखालच्या तक्त्यातल्या सेलनाही हाच कोड द्या, नाहीतर एकाच पानावर दोन प्रकारचे अंक दिसतील.

एका मर्यादेची नोंद घ्या. लेबलवर रक्कम आणि टक्का दोन्ही असतील, तरी पट्ट्यात आकड्याच्या रूपाची जागा एकच आहे. रकमेला एक रूप आणि टक्क्याला दुसरं, असं तिथे देता येत नाही. तसं हवं असेल तर आठवी पायरी.

६. लेबलांची जागा, आणि पहिल्या फाकेचा कोन

‘लेबल पोझिशन’मध्ये चार पर्याय आहेत. ‘सेंटर’ म्हणजे फाकेच्या मध्ये, ‘इनसाइड एंड’ म्हणजे फाकेत पण कडेजवळ, ‘आउटसाइड एंड’ म्हणजे वर्तुळाच्या बाहेर, आणि ‘बेस्ट फिट’ म्हणजे एक्सेल ठरवेल तसं. बेस्ट फिटवर विसंबू नका. त्यात मोठ्या फाकांची लेबलं आत आणि लहानांची बाहेर जातात, आणि पुढच्या महिन्यात आकडे बदलले की सगळी पुन्हा हलतात. मराठी नावं असतील तर ‘आउटसाइड एंड’ घ्या. काना-मात्रांसह अक्षरं नीट वाचता येतात आणि फाकेच्या रंगाचा त्रास होत नाही.

आता लहान फाकांची गर्दी. आपल्या तक्त्यात शेवटच्या चार फाका मिळून ५.५% आहेत, म्हणजे वर्तुळाचे साधारण २० अंश. उतरता क्रम असल्यामुळे त्या बरोबर बाराच्या आधी, म्हणजे चार्टच्या डोक्यावर येतात. तिथे चार आडवी लेबलं शेजारी-शेजारी मावत नाहीत, आणि वर शीर्षकालाही अडतात. उपाय लेबलांच्या मेनूत नाही, म्हणून तो अनेकांना सापडत नाही. फाकेवर राइट क्लिक करा, ‘फॉरमॅट डेटा सीरिज’ उघडा आणि ‘अँगल ऑफ फर्स्ट स्लाइस’ १०० करा. संपूर्ण चार्ट तेवढा फिरतो आणि त्या चार फाका उजवीकडे, घड्याळाच्या तीनपाशी येतात. आडव्या ओळी एकाखाली एक रचायला बाजूची जागा मोकळी असते, वर-खाली नसते. एवढ्या एका आकड्याने जे साधतं, ते लेबलं ओढत बसून साधत नाही.

याची किंमत अशी, की सगळ्यात मोठी फाक आता बारापासून सुरू होत नाही. मी ती खुशाल मोजतो.

तरीही एखादं लेबल दुसऱ्यावर चढलंच, तर ते एकटं निवडून थोडं बाहेर ओढा. ‘शो लीडर लाइन्स’ला टिक असेल, तर फाकेपासून लेबलपर्यंत बारीक रेघ येते. लेबल फाकेला चिकटून असताना ही रेघ दिसत नाही, ते दूर गेल्यावरच उमटते. टिक केली तरी रेघ येत नाही असं वाटलं, तर कारण बहुधा हेच.

७. लहान फाकांचं काय करायचं

गर्दी कमी करण्याचे तीन मार्ग आहेत. माझी पसंती पहिल्याला.

पहिला, तक्त्यातच एकत्र करणं. विमा, लेखापरीक्षण, छपाई व टपाल आणि बँक शुल्क मिळून १,३२,००० होतात. त्यांची ‘इतर’ अशी एक ओळ करा आणि ‘इतर’मध्ये काय आहे ते चार्टखाली लिहा. दहाच्या सात फाका होतात आणि लेबलांचा प्रश्नच संपतो. एक काळजी मात्र घ्या: ज्या खर्चावर सभेत वाद होण्याची शक्यता आहे, तो ‘इतर’मध्ये टाकू नका. रक्कम लहान असली तरी सभासदांना तो दिसला पाहिजे.

दुसरा, ‘पाय ऑफ पाय’ किंवा ‘बार ऑफ पाय’ हा चार्टचा प्रकार. लहान फाका बाजूच्या दुसऱ्या छोट्या चार्टमध्ये जातात. ‘फॉरमॅट डेटा सीरिज’मध्ये ‘स्प्लिट सीरिज बाय’ला ‘पर्सेंटेज व्हॅल्यू’ निवडून मर्यादा ३% ठेवली की आपल्या चारही फाका तिकडे जातात. मुख्य चार्टवर त्यांच्या एकत्रित फाकेचं लेबल इंग्रजीत ‘अदर’ असं येतं. ते एकटं निवडून मराठी करता येतं. मराठी वाचकांसाठी ‘बार ऑफ पाय’ बरा, कारण उभ्या पट्ट्याशेजारी नावं एकाखाली एक बसतात.

तिसरा, लेबलं लपवणं. लेबलवर फक्त टक्का असेल, तर हा कोड ३ टक्क्यांखालचे आकडे दाखवतच नाही:

[<0.03]"";0.0%

टक्का मुळात दशांशात असतो, म्हणून ३% म्हणजे 0.03. हा मार्ग प्रोजेक्टरवर ठीक आहे, जिथे तुम्ही शेजारी उभं राहून सांगणार आहात. छापील अहवालात बिननावाच्या फाका ठेवू नयेत.

८. स्वतःचा मजकूर हवा असेल तर

‘सुरक्षा रक्षक, ६.६० लाख (२७.५%)’ असं लेबल हवं आहे. सगळ्यांच्या मनात पहिलं येतं ते लेबलवर क्लिक करून टाइप करणं. तसं करू नका. टाइप केलेलं लेबल तक्त्यापासून तुटतं. ऑडिटरने एक रक्कम बदलायला लावली की फाक बदलते आणि लेबल जुनंच राहतं. चुकीचा आकडा छापला जाण्याचा हा सर्वात सरळ रस्ता आहे. कोणी आधीच टाइप करून ठेवलं असेल, तर ‘लेबल ऑप्शन्स’मधलं ‘रीसेट लेबल टेक्स्ट’ दाबा, सगळी लेबलं पुन्हा तक्त्याला जोडली जातात.

योग्य मार्ग ‘व्हॅल्यू फ्रॉम सेल्स’. तक्त्याशेजारी एक रकाना वाढवा आणि लेबलचा संपूर्ण मजकूर सूत्राने तिथे तयार करा. बरोबरचं चिन्ह, मग नावाचा सेल, मग जोडणारं & चिन्ह, मग अवतरणांत स्वल्पविराम आणि मोकळी जागा, पुन्हा & आणि मग टेक्स्ट हे फंक्शन. टेक्स्टच्या कंसात आधी रकमेचा सेल आणि मग अवतरणांत वरचा लाखांचा कोड लिहायचा. कोड आधीच अवतरणांत असतो, म्हणून त्यातला ‘लाख’ हा शब्द काढून बाहेर & लावून वेगळा जोडा, नाहीतर अवतरणात अवतरण येऊन सूत्र अडतं. टक्क्यासाठीही तसंच: रकमेला एकूण रकमेने भागा आणि टेक्स्टमध्ये 0.0% द्या. एकूण रकमेच्या सेलला डॉलर चिन्हं लावून तो पक्का करा, म्हणजे सूत्र खाली ओढताना तो सरकणार नाही.

मग ‘व्हॅल्यू फ्रॉम सेल्स’ला टिक करा आणि विचारलं की हा नवा रकाना निवडा, शीर्षक सोडून. बाकीच्या सगळ्या टिक काढा, नाहीतर नाव दोनदा येईल. आता रक्कम बदलली की लेबलही बदलेल.

हीच फाइल एक्सेल २०१० मध्ये उघडली, तर मजकुराच्या जागी चौकटी कंसात इंग्रजीत ‘सेलरेंज’ असं दिसतं. ऑडिटरकडे जुनी आवृत्ती असेल तर पीडीएफ पाठवा.

फक्त एखाद्याच फाकेला वेगळं लेबल हवं असेल, तर ते एकटं निवडा, वरच्या फॉर्म्युला बारमध्ये बरोबरचं चिन्ह लिहा, हव्या त्या सेलवर क्लिक करा आणि एंटर दाबा. तेवढं लेबल त्या सेलला जोडलं जातं.

९. फॉन्ट आणि रंग

जुन्या सोसायट्यांची पत्रकं बऱ्याचदा श्रीलिपी किंवा तशाच जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असतात. सेलमध्ये मराठी छान दिसतं, पण चार्टचं लेबल स्वतःचा फॉन्ट वापरतं आणि तिथे इंग्रजी अक्षरं व चिन्हांचा खिचडा उमटतो. लेबलला तोच फॉन्ट दिला की ते तुमच्या संगणकावर सुधारतं, पण तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की पुन्हा तेच. नावं एकदाच युनिकोडमध्ये टाइप करून घ्या. दहा-बारा नावांचा तर प्रश्न आहे. लेबलला निर्मला यूआय फॉन्ट द्या, तो विंडोजबरोबर येतो. मंगलही चालतो, पण विंडोज १० पासून तो वेगळा जोडावा लागू शकतो.

लेबलं आत ठेवली असतील, तर गडद फाकेवर पांढरी आणि पिवळ्या-फिकट फाकेवर काळी अक्षरं करा. त्यासाठी ती एकेक करून निवडावी लागतात. बाहेर ठेवली असतील तर सगळी काळी, काम संपलं. फाकांमध्ये पांढरी कडा ठेवा, झेरॉक्सवर तिनेच फाका वेगळ्या दिसतात.

त्रिमितीय पाय चार्ट घेऊ नका. पुढच्या बाजूच्या फाका आहेत त्यापेक्षा मोठ्या दिसतात, मग लेबल एक सांगतं आणि डोळ्यांना दुसरंच दिसतं. हिशेबाच्या कागदावर हे चालवून घेऊ नये.

१०. अहवाल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असेल तर

मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआय या अहवाल बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये या लेबलांना ‘डिटेल लेबल्स’ म्हणतात. फॉरमॅटच्या पट्ट्यात त्यांच्या आत ‘लेबल कंटेंट्स’मध्ये नाव, रक्कम आणि टक्का यांच्या जोड्या तयारच मिळतात. अडचण ‘डिस्प्ले युनिट्स’ची. तिथे हजार, मिलियन, बिलियन, ट्रिलियन आहेत. लाख आणि कोटी नाहीत. सोपा मार्ग असा, की रकमेला एक लाखाने भागणारं मेजर (पॉवर बीआयमधलं सूत्र) करा, डिस्प्ले युनिट्स ‘नन’ ठेवा आणि चार्टच्या शीर्षकातच ‘रुपये लाखांत’ असं लिहा. ‘ऑटो’वर सोडलंत तर ६,६०,००० चे हजार किंवा मिलियनमधले आकडे दिसतील आणि सभेतला प्रत्येक जण मनात पुन्हा लाख करत बसेल.

मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बिल्डरमध्ये चार्टवर राइट क्लिक करून ‘शो डेटा लेबल्स’ घ्या, मग लेबलवर राइट क्लिक करून ‘सीरिज लेबल प्रॉपर्टीज’. तिथल्या ‘लेबल डेटा’ यादीत हॅश चिन्हाने सुरू होणारे शब्द मिळतात, त्यातला टक्केवारीचा निवडा. ‘युज व्हॅल्यू ॲज लेबल’ बंद करू का, असं विचारलं तर होय म्हणा, नाहीतर टक्का दिसत नाही. लेबल बाहेर काढण्याचा पर्याय या खिडकीत नाही, आणि नवखे तो इथेच शोधत बसतात. तो प्रॉपर्टीजच्या पट्ट्यात ‘कस्टम ॲट्रिब्यूट्स’खाली ‘पाय लेबल स्टाइल’ म्हणून आहे, तिथे ‘आउटसाइड’ करा. त्याच ठिकाणी ‘कलेक्टेड स्टाइल’ आहे. तिथे ‘सिंगल स्लाइस’ निवडलं की ठरावीक टक्क्यांखालच्या फाका आपोआप एकत्र होतात. मुळातली मर्यादा ५ टक्के असते.

गूगल शीट्समध्ये चार्ट एडिटरच्या ‘कस्टमाइझ’मध्ये ‘पाय चार्ट’ उघडा, तिथे ‘स्लाइस लेबल’ आहे. पर्याय मोजकेच आहेत. नावं बाहेर रेघेसह हवी असतील, तर ‘लेजंड’च्या जागेत ‘लेबल्ड’ निवडा.

पाठवण्याआधी

रकमेचा एखादा सेल तात्पुरता बदला आणि त्या फाकेचं लेबल बदलतं का ते बघा, मग अनडू करा. बदललं नाही तर ते कोणीतरी टाइप केलेलं आहे.

लेबलवरचे टक्के कॅल्क्युलेटरवर बेरजेला घ्या.

चार्ट निवडलेला असताना ‘पेज सेटअप’च्या ‘चार्ट’ या भागात ‘प्रिंट इन ब्लॅक अँड व्हाइट’ला टिक करून प्रिव्ह्यू बघा. रंगांशिवाय प्रत्येक फाक ओळखता आली, तर झेरॉक्सची काळजी नाही. बघून झालं की टिक काढा.

वर्डच्या अहवालात चार्ट चिकटवताना ‘पिक्चर’ म्हणून चिकटवा. नुसता पेस्ट केला, तर तो वर्डच्या थीमचे रंग आणि फॉन्ट घेतो आणि जागेवर बसवलेली लेबलं हलतात.

आणि छापायला देताना आधी शीटवरच्या एखाद्या रिकाम्या सेलवर क्लिक करा. चार्ट निवडलेला राहिला, तर एक्सेल फक्त तो चार्टच पानभर छापतो आणि खालचा रकमांचा तक्ता येत नाही.